फळीतले खिंडार

अमेरिकी फुटबॉलच्या बातम्यांत दुखापतीचे वजन खेळाडूच्या नावावरून ठरते. क्वार्टरबॅकचा घोटा मुरगळला तर आठवडाभर काथ्याकूट चालतो. उजव्या गार्डचा गुडघा गेला तर ती बातमी एका ओळीत आटोपते, आणि तीही त्याच्या जागी कोण उभा राहणार एवढे सांगण्यापुरती. पुढची पाने त्या एका ओळीविषयी आहेत. चेंडूच्या रेषेवर शेजारी शेजारी उभे राहणारे पाच धिप्पाड खेळाडू म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांच्यातला एखादा, किंवा दोघे-तिघे जायबंदी झाले तर संघाच्या अख्ख्या हंगामाचे काय होते, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो आणि त्याचे उत्तरही सोपेच दिले जाते: रक्षण ढिले पडते, क्वार्टरबॅक जास्त वेळा पाडला जातो, संघ हरतो. हे उत्तर अर्धेच आहे, आणि हंगामाचा गुणतक्ता समोर ठेवून ते तपासायला गेले तर पुष्कळदा चुकीचेही ठरते. फळीला खिंडार पडलेल्या संघांनी एका हंगामात तेरा-चौदा सामने जिंकलेले आहेत. माझे म्हणणे असे की या दुखापतींची किंमत हंगामभर थोडी थोडी मोजली जात नाही. बराच काळ ती झाकता येते, आणि झाकण्याचे उपाय कामी येतात म्हणूनच ती नसल्याचा भास होतो. मग बाद फेरीत असा एखादा प्रतिस्पर्धी गाठ पडतो की ज्याच्यापुढे ते उपाय चालत नाहीत, आणि सगळी किंमत एका संध्याकाळी मोजावी लागते.

ज्या वाचकांची या खेळाशी भेट वर्षातून एकदाच, सुपर बोलच्या निमित्ताने सोमवारी पहाटे पाच वाजता होते, त्यांच्यासाठी थोडी मांडणी आवश्यक आहे. (अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी घरांत मुलांनी हा खेळ केव्हाच आणून ठेवला आहे, त्यांनी हा परिच्छेद ओलांडून गेले तरी चालेल.) आक्रमण करणाऱ्या संघाला चार संधींत दहा यार्ड पुढे जायचे असते. मधोमध सेंटर उभा असतो. तो दोन पायांमधून चेंडू मागे उभ्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, देतो; त्याला स्नॅप म्हणतात. त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या पलीकडे दोन टॅकल. सेंटर सोडला तर हे लोक चेंडूला क्वचितच हात लावतात. समोरून बहुधा चार जण क्वार्टरबॅकच्या अंगावर येतात आणि त्यांना अडवायला हे पाच असतात, म्हणजे एक माणूस शिलकीत. बचाव करणाऱ्या संघाने पाचवा-सहावा माणूस धाडला तर त्याला ब्लिट्झ म्हणतात. पण तसे केले की पाठीमागे चेंडू झेलणाऱ्यांवर पाळत ठेवायला तितकीच माणसे कमी पडतात. म्हणून कुठल्याही बचावाचे स्वप्न एकच असते: चारच जणांनी क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचे आणि उरलेल्या सातांना मागे ठेवायचे. फळीतल्या दुखापतींचा सगळा हिशेब या चार-पाच-सातच्या गणितात दडलेला आहे. या फळीला मिळवून द्यायचा असतो तो वेळही फार नसतो. ईएसपीएन ज्या मोजमापाने फळीची कामगिरी जोखते, त्यात अडीच सेकंद समोरच्याला थोपवले की ती झुंज जिंकली असे धरतात.

अडीच सेकंद एकट्याने थोपवणे हे ताकदीचे काम आहे. पाच जणांनी मिळून थोपवणे हे एकमेकांच्या सवयीचे काम आहे. कबड्डीच्या साखळीत कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा हात धरून उभे असतात. चढाई करणारा एकाकडे वळला की दुसऱ्यालाही त्याच क्षणी हलावे लागते, आणि कोपऱ्यातला भिडू बदलला की शेजाऱ्याचीही पकड हुकू लागते. इथे हात धरलेले नसतात, म्हणून काम आणखी कठीण. समोरचे दोघे मुद्दाम एकमेकांना छेदून जातात: आतला बाहेर पळतो आणि बाहेरचा त्याच्या पाठीमागून वळसा घेऊन आत घुसतो. अशा वेळी गार्डने आणि टॅकलने आपापला माणूस सोडून एकमेकांचा उचलायचा असतो. बोलायला वेळ नसतो. नवख्या टॅकलने आपला माणूस धरून त्याच्यामागे आत ओढले जाणे, त्याच्या अंगावर गार्ड येऊन आदळणे आणि मोकळी झालेली वाट दुसऱ्याने धरणे, एवढे सगळे निमिषार्धात घडते. पडद्यावर मात्र क्वार्टरबॅक कोसळताना दिसतो आणि समालोचक त्याने चेंडू लवकर सोडायला हवा होता असे म्हणून मोकळा होतो.

त्यातून राखीव खेळाडूची स्थिती इतर जागांपेक्षा वाईट. बचावाच्या आघाडीचे लोक दमले की आलटून पालटून बाहेर बसतात, झेलणारेही बदलत राहतात, त्यामुळे त्यांच्यातल्या राखीव खेळाडूला दर सामन्यात थोडा सराव होतोच. ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण मात्र शाबूत असतील तर पहिल्या स्नॅपपासून शेवटच्यापर्यंत तेच असतात. सहावा माणूस महिनोन्‌महिने कडेला उभा राहतो आणि आठवड्याच्या सरावात आपल्याच बचावासाठी पुढच्या प्रतिस्पर्ध्याची सोंगे वठवतो. लीग आणि खेळाडूंच्या २०११ च्या कामगार करारानंतर हंगामात पूर्ण पॅड घालून करायचे सराव चौदावर आले. खेळाडूंच्या शरीराच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण अंगाला अंग भिडवूनच जी कला शिकता येते तिच्या राखीव विद्यार्थ्याचे त्यात नुकसान झाले. शिवाय जागा बदलणे दिसते तितके सोपे नसते. उजव्या टॅकलचा उजवा पाय मागे असतो, डाव्याचा डावा. उजवीकडच्याला डावीकडे उभे करायचे म्हणजे वर्षानुवर्षे अंगात मुरलेली पावले उलटी टाकायला लावायची. लीगला याची जाण आहे. २०२० च्या करारात सामन्याच्या दिवशी गणवेशात उतरवता येणाऱ्या खेळाडूंची संख्या ४६ वरून ४८ केली गेली, पण अट अशी की त्यात या फळीचे किमान आठ जण असले पाहिजेत. त्या करारात दुसऱ्या कुठल्या जागेसाठी अशी सवलत दिली गेली नाही.

आता झाकण्याच्या उपायांकडे येऊ. टॅकल गेला की प्रशिक्षक टाइट एंडला, म्हणजे फळीच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या झेलणाऱ्याला, राखीव टॅकलच्या बगलेत उभा करतो, किंवा चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला आधी एक धक्का देऊन मगच पुढे पळायला सांगतो. तेवढ्याने राखीव माणूस निभावतो, पण झेलायला जाणारे पाचाचे चार होतात. चेंडू लवकर फेकायचा असे ठरते. मग वीस यार्डांवर उलगडणाऱ्या चाली वहीतून गळतात आणि पाच यार्डांच्या उरतात. यातले काहीही दुखापतीच्या यादीत दिसत नाही आणि सॅकच्या, म्हणजे क्वार्टरबॅक पाडला गेल्याच्या, आकड्यातही नाही. हे उपाय पुरेसे पडले नाहीत तर काय होते ते १२ नोव्हेंबर २०१७ रोजी अटलांटात दिसले. डॅलस काउबॉईजचा डावा टॅकल टायरन स्मिथ खेळू शकला नाही. अटलांटाच्या एड्रियन क्लेबॉर्नने त्या एका दुपारी क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला सहा वेळा पाडले. क्लेबॉर्नचे अख्ख्या हंगामातले सॅक साडेनऊ. डॅलस २७-७ ने हरले. धावपटू इझिकिएल एलियटचे निलंबनही त्याच सामन्यापासून सुरू झाले होते, हे खरे; तेव्हा पराभवाचे सगळे खापर एका जागेवर फोडता येणार नाही. पण सहा सॅक एलियटच्या नसण्याने झाले असे कुणी म्हणणार नाही. हे उदाहरण ठळक आहे, आणि ठळक असल्यामुळेच फसवे. त्यावरून वाटते की फळीची दुखापत अशीच ढोल वाजवत येते. एरवी ती गुपचूप येते, आणि त्याचा नमुना २०१३ चा डेन्व्हर ब्रॉन्कोज हा संघ.

त्या वर्षी हंगाम सुरू होण्याआधीच, जुलैत, डेन्व्हरचा सेंटर डॅन कोपेनचा गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. आणखी एक सेंटर आधीपासून घोट्याच्या दुखण्याने बाहेर होता. म्हणून मॅनी रामिरेझ या गार्डला मधोमध उभे केले. दुसऱ्याच आठवड्यात डावा टॅकल रायन क्लेडी पायाच्या दुखापतीने वर्षभरासाठी गेला. म्हणजे फळीतल्या दोन सर्वांत नाजूक जागांवर बदली माणसे. परिणाम? डेन्व्हरने १३ सामने जिंकले आणि ६०६ गुण केले. एका हंगामात इतके गुण तोवर कुठल्याही संघाने केले नव्हते. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने ५५ टचडाउन फेकले आणि तो पाडला गेला फक्त १८ वेळा. सॅक मोजून निष्कर्ष काढणाऱ्याने इथेच वही मिटली असती. मॅनिंग रेषेवर उभा राहून समोरच्याची मांडणी वाचायचा, चाल बदलायचा आणि कुणी जवळ पोचण्याआधी चेंडू सोडून द्यायचा. टॅकल कोण आहे याने फरक पडू नये इतक्या लवकर. दुखापत झाली होती, पण मॅनिंगच्या डोक्यात ती झाकली जात होती. २ फेब्रुवारी २०१४ रोजी सुपर बोलमध्ये समोर सिॲटल सीहॉक्स आले. पहिल्याच चालीला मॅनिंग इशारे बदलण्यासाठी पुढे सरकत असताना, गोंगाटात, रामिरेझने स्नॅप दिला. चेंडू मॅनिंगच्या बाजूने मागे उडाला आणि बाराव्या सेकंदाला सिॲटलच्या नावावर दोन गुण लागले. पुढे सिॲटलने बहुतांश चारच माणसे धाडली आणि सातांना मागे ठेवले. सिॲटलच्या क्लिफ ॲव्हरिलचा हात मॅनिंगच्या फेकणाऱ्या हाताला लागला, चेंडू हवेत तरंगला, आणि माल्कम स्मिथने तो झेलून ६९ यार्ड पळत नेला. निकाल ४३-८.

या सामन्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा पराभवाच्या बाजूचा नाही. मॅनिंगचे ३४ फेकलेले चेंडू त्या दिवशी झेलले गेले; सुपर बोलमध्ये तोपर्यंत कुणाचेच इतके झेलले गेले नव्हते. सॅक एकच. इतक्या यशस्वी फेकी आणि आठ गुण. म्हणजे चेंडू मिळत होता, पण जवळच मिळत होता, आणि झेलणाऱ्याला तिथेच आडवे करायला सात जण सज्ज होते. हंगामभर ज्या उपायाने खिंडार झाकले, तोच उपाय सिॲटलला हवा होता. यावर कुणी म्हणेल की सिॲटलची मागची फळी त्या काळची सर्वोत्तम होती, तिच्यापुढे शाबूत डेन्व्हरही हरले असते. हरले असते, बहुधा. शाबूत क्लेडीने तो सामना जिंकून दिला असता असा माझा दावाच नाही. दावा इतकाच की लांबची फेक हा पर्याय शिल्लक राहिला असता आणि सातांतल्या एक-दोघांना त्याची धास्ती बाळगावी लागली असती. आणि स्नॅप हुकणे अनुभवी सेंटरच्या हातूनही घडते, तेव्हा त्या पहिल्या दोन गुणांवर मी फारसा भार देत नाही.

डेन्व्हरचे उदाहरण एका कारणाने अपुरे आहे: तोच संघ, तोच प्रतिस्पर्धी, फक्त फळी वेगळी, अशी तुलना त्यात करता येत नाही. ती सोय २०२० च्या कॅन्सस सिटी चीफ्सने करून दिली. त्या वर्षी त्यांची फळी टप्प्याटप्प्याने विरघळत गेली. गार्ड लॉराँ दुव्हर्ने-तार्दिफ हा वैद्यकीय पदवीधर; कोविडच्या साथीत क्वेबेकमधल्या एका शुश्रूषागृहात काम करण्यासाठी त्याने हंगामच सोडला. नवा उजवा टॅकल लुकस नियांग यानेही साथीमुळे माघार घेतली. ऑक्टोबरमध्ये गार्ड केलेची ओसेमेले गुडघ्यांमुळे गेला, आणि त्याच महिन्यात उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे. इतके होऊनही संघ १४-२. २९ नोव्हेंबरला ते टॅम्पाला गेले, बकनीअर्सविरुद्ध. उजवीकडे राखीव माइक रेमर्स, पण डावीकडे एरिक फिशर. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सने ४६२ यार्ड फेकले, टायरीक हिलने एकट्याने २६९ यार्ड घेतले, चीफ्स २७-२४ ने जिंकले. २४ जानेवारीला, सुपर बोल दोन आठवड्यांवर असताना, फिशरचा अकिलीज स्नायुबंध तुटला. रेमर्सला उजवीकडून डावीकडे नेले, त्याच्या जागी गार्डला टॅकल केले, गार्डच्या जागी आणखी एकाला आणले. एक गेला आणि तीन जागा हलल्या. ७ फेब्रुवारीला तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी. ईएसपीएनच्या नोंदीप्रमाणे महोम्सवर २९ वेळा दडपण आले, सुपर बोलमधला उच्चांक. चेंडू सोडण्यापूर्वी किंवा पाडला जाण्यापूर्वी तो मागे-बाजूला पळाला ते अंतर लीगच्याच मोजणीत ४९७ यार्ड भरले. चौथ्या सत्रात एकदा तो पाय अडकून जमिनीला समांतर, हवेत होता आणि तशा अवस्थेत त्याने चेंडू थेट गोलक्षेत्रातल्या सहकाऱ्याच्या शिरस्त्राणाच्या जाळीवर नेऊन आदळवला. तो झेलला गेला नाही. ३१-९, एकही टचडाउन नाही.

या तुलनेवरचा आक्षेप मला मान्य आहे: फळीखेरीज बाकी सगळे सारखे नव्हते. महोम्सच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत होती आणि पुढे त्यावर शस्त्रक्रिया झाली. टॅम्पाने नोव्हेंबरात हिलला मोकळे सोडल्याची फळे भोगली होती, म्हणून फेब्रुवारीत दोन माणसे खोल मागे ठेवली. पण ती दोन माणसे मागे ठेवणे परवडले कशामुळे? पुढच्या चौघांचे काम चौघांनीच भागत होते म्हणून. ब्लिट्झ त्या रात्री टॅम्पाने फारच थोडी केली. मांडणी बदलण्याची मुभा त्यांना समोरच्या फळीनेच दिली, तेव्हा ही दोन कारणे वेगळी मोजण्यात अर्थ नाही. चीफ्सच्या व्यवस्थापनाचे निदानही तेच होते. मार्चमध्ये फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही मुक्त केले. गार्ड जो थूनीला पाच वर्षांसाठी आठ कोटी डॉलरचा करार दिला, बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउनला आणले, महाविद्यालयीन खेळाडूंच्या ड्राफ्टमधून क्रीड हंफ्री आणि ट्रे स्मिथ घेतले. नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात सुपर बोलमधल्या पाचांपैकी एकही फळीत नव्हता. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, हंगामात ७० सॅक केलेल्या फिलाडेल्फिया ईगल्सने सुपर बोलमध्ये महोम्सला एकदाही पाडले नाही आणि चीफ्स ३८-३५ ने जिंकले.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो अधिक वजनदार: सॅक हा फळीपेक्षा क्वार्टरबॅकचा गुणधर्म आहे. जो चेंडू धरून ठेवतो तो कुठल्याही फळीमागे पाडला जातो. २०२० च्या ईगल्सने सोळा सामन्यांत चौदा वेगवेगळ्या फळ्या उतरवल्या, संघ ४-११-१ वर संपला, क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ शेवटचे चार सामने बाकावर बसूनही ५० सॅक घेऊन लीगमध्ये पहिला. आणि तरीही जाणकार म्हणत राहिले की निम्मा दोष वेंट्झचा. असेल. त्याआधीचे मोठे उदाहरण ह्यूस्टनचे. २००२ मध्ये नवा निघालेला टेक्सन्स संघ इतर संघांतून खेळाडू निवडताना सर्वांत आधी डावा टॅकल टोनी बोसेली याला घेऊन बसला. बोसेलीचा खांदा बरा झालाच नाही. ह्यूस्टनसाठी तो एकही चाल खेळला नाही. नवा क्वार्टरबॅक डेव्हिड कार त्या वर्षी ७६ वेळा पाडला गेला, हा उच्चांक अजून अबाधित आहे. कार चेंडू धरून ठेवायचा, हेही लोक सांगतात. पण धरून ठेवण्याची सवय आणि मागून आदळण्याची भीती यांची सुरुवात कुठे झाली, हे पंचविशीच्या आतल्या पोराकडे पाहून कोण ठरवणार? मला इथे वाद घालण्याची गरज वाटत नाही, कारण माझा आधार सॅकवर नाहीच. मॅनिंग १८ वेळा पाडला गेला आणि महोम्स त्या सुपर बोलमध्ये तीनच वेळा. सॅक क्वार्टरबॅकचा, असे मान्य करून टाकले तर उलट दिसते ते हेच, की चांगला क्वार्टरबॅक दुखापतीची किंमत आकड्यांतून पुसून टाकतो.

मग फिलाडेल्फियाचेच २०१७ साल? ऑक्टोबरात डावा टॅकल जेसन पीटर्सचा गुडघा गेला, डिसेंबरात वेंट्झचाही. राखीव टॅकल हालापुलिवाती वायताई आणि राखीव क्वार्टरबॅक निक फोल्स यांना घेऊन त्यांनी न्यू इंग्लंडला ४१-३३ ने हरवून सुपर बोल जिंकला. माझ्या म्हणण्याविरुद्धचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि तो मी बाजूला सारत नाही. त्यातून दोन मर्यादा हाती येतात. गेला तो एकच; सेंटर जेसन केल्सी, गार्ड ब्रँडन ब्रुक्स, उजवा टॅकल लेन जॉन्सन जागेवर होते, म्हणून हलली ती एकच जागा. आणि वायताईला शेजाऱ्यांची सवय व्हायला तीन महिने मिळाले. चीफ्सना दोन आठवडे मिळाले होते. डेन्व्हरला चिरडणाऱ्या सिॲटलचीही गोष्ट अशीच. त्यांचा डावा टॅकल रसेल ओकुंग त्याच हंगामात आठ सामने बाहेर होता, उजवा टॅकल आणि सेंटर यांनीही सामने चुकवले, पण फेब्रुवारीत तिघेही उभे होते. किती सामने चुकले ही मोजणी म्हणूनच दिशाभूल करते. दुखापत केव्हा झाली आणि तिने किती जागा हलवल्या, हे दोन प्रश्न तिच्यापेक्षा जास्त सांगतात. सिनसिनाटी बेंगल्सनी २०२२ च्या हंगामात याचे दोन्ही चेहरे आठवड्याच्या अंतराने दाखवले. तीन जण गेलेले असताना ते बफेलोच्या बर्फात २७-१० ने जिंकले, १७२ यार्ड धावून. निसरड्या मैदानावर समोरच्यांचेही पाय टिकत नव्हते. पुढच्या रविवारी कॅन्सस सिटीच्या कानठळ्या बसवणाऱ्या मैदानात क्वार्टरबॅक जो बरो पाच वेळा पाडला गेला आणि बेंगल्स २०-२३ ने बाहेर पडले. पहिल्या सामन्यानंतर लेख आले होते की राखीव फळीची चिंता फाजील होती.

उलट टोकाचा आक्षेपही ऐकून घ्यायला हवा. जो थॉमस क्लीव्हलँडच्या डाव्या टोकाला २००७ पासून सलग १०,३६३ स्नॅप खेळला, ऑक्टोबर २०१७ मध्ये दंडाचा स्नायू तुटेपर्यंत. इतका अखंड टॅकल लाभलेला हा संघ त्या काळात बाद फेरीत एकदाही गेला नाही. निरोगी फळी संघ घडवत नाही, हे याहून स्पष्ट कशाने होणार? पण त्यातून दुखापतीचे महत्त्व कमी होत नाही. दुखापत संघाची कमाल उंची कापते; ज्या संघाला उंचीच नाही त्याचे काय कापले जाणार? म्हणूनच या विषयाची उदाहरणे शोधताना तळाच्या संघांकडे बघून फारसे हाती लागत नाही. हा विजेतेपदाच्या दारात उभ्या असलेल्यांचा आजार आहे.

किंमत एका संध्याकाळी मोजावी लागते असे वर म्हटले. कधी कधी ती एका चालीत मोजावी लागते. फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल जादा वेळेत गेला. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा उजवा गार्ड जॉन फेलिसियानो चौथ्या सत्रात जायबंदी होऊन बाहेर गेला होता. फोर्टीनाइनर्स कॅन्सस सिटीच्या नऊ यार्डांच्या खुणेवर पोचले, तिसरी संधी, चार यार्ड हवे होते. स्नॅप झाला आणि उजव्या बाजूने कॅन्सस सिटीचा ख्रिस जोन्स, त्या मैदानावरचा सर्वांत धोकादायक बचावपटू, कुणाचाही हात न लागता आत आला. अडवायचे कुणी, याबद्दल फळीत गफलत झाली होती. क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीला घाईने फेकावे लागले, समोर जुआन जेनिंग्ज मोकळा असूनही चेंडू जमिनीवर गेला. टचडाउनऐवजी तीन गुणांची लाथ, २२-१९. मग महोम्सने मैदानभर चाल नेऊन सामना २५-२२ वर संपवला. त्या हंगामाच्या दुखापतींच्या हिशेबात फेलिसियानोच्या नावापुढे लागलेली भर काही मिनिटांची आहे.

यानंतरच्या प्रकरणांत आकडे पुष्कळ येतील, आणि ते वाचताना वाचकाने एवढे विचारावे की आकडा मोजतो काय: माणूस किती दिवस नव्हता हे, की त्याच्या नसण्याने काय काय खेळायचे सोडून द्यावे लागले हे. दुसऱ्या गोष्टीचा तक्ता कुणी छापत नाही. तो माहीत असूनही सुटका होतेच असे नाही, याला साक्ष पुन्हा कॅन्सस सिटीचीच. २०२४ मध्ये डाव्या टॅकलच्या जागी एकामागून एक प्रयोग फसले, एक जण मांडीच्या स्नायूमुळे गेला, आणि अखेर डिसेंबरात गार्ड जो थूनीला टोकाला सरकवावे लागले. त्याची जागा तिसऱ्याने घेतली. संघ १५-२ होता. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केली नाही, महोम्सला सहा वेळा पाडले आणि ४०-२२ ने जिंकले. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये चीफ्सनी पहिल्या फेरीतली आपली निवड ओहायो स्टेटचा डावा टॅकल जॉश सिमन्स याच्यावर खर्च केली. बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत तो शिल्लक राहिला होता, कारण आधीच्या ऑक्टोबरात त्याच्या गुडघ्याच्या वाटीचा स्नायुबंध तुटला होता.